करंगळी सोडून सगळी बोटं

वाचकाचं पत्र (थोडं छाटून):

मी सोलापूरला विडी घरकुलात राहते. सासूबाई ५६ वर्षांच्या आहेत. पस्तीस वर्षं विड्या वळतात, अजूनही दिवसाला सहाशे-सातशे होतात. शुगर नऊ वर्षांपासून आहे, गोळी चालू आहे. दोन वर्षं झाली, रात्री दोन्ही हातांना मुंग्या येऊन हात बधिर होतात. दोन-अडीचला उठून हात झटकत बसतात, मग जरा बरं वाटतं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्या ह्याला ‘तिम्मिरी’ म्हणतात. करंगळी सोडून सगळी बोटं मेल्यासारखी होतात, असं सांगतात. पायांची तऱ्हा वेगळीच आहे. तळपायांची आग होते आणि तरी पायाला काही कळत नाही. परवा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आल्या, दुसरी कुठे सुटली ते त्यांना माहीत नाही. मी गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेकायला दिले, तर अंगठ्याखाली फोड आला. तोही मला दिसला, त्यांना नाही.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे. लाल इंजेक्शनं दहा झाली, नसांच्या गोळ्या आठ महिने चालू आहेत. शेजारच्या काकूंनी एका माणसाकडे नेलं, त्याने मान मोडून दिली. आता मणक्याचा एमआरआय करायला सांगितलाय. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. पुण्यात ते जीबीएस आलं होतं तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलंय की आईला तेच होणार, नाहीतर लकवा मारणार. एमआरआय करू का? विड्या बंद कराव्या लागतील का? मार्कंडेय रथोत्सवात त्या अनवाणी चालतात, यंदा चालू देऊ का?

ता. क. विषय निघाला म्हणून विचारते. नणंदेचा साडेचार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना गुडघ्यावर, मग मांडीवर हात ठेवत ठेवत उठतो. सगळे हसतात, ‘आमचा म्हातारा’ म्हणतात. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या आहेत. हेही नसांचंच असतं का?

एक सून, विडी घरकुल

*

ताई,

दहा इंजेक्शनं देताना सासूबाईंना बहुधा कोणी विचारलं नसेल, ते तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात: करंगळी सोडून सगळी बोटं. माझ्याकडे पेशंट आला की पहिली पाच मिनिटं मी हेच उकरून काढत असते. बहुतेक जण “सगळा हातच जातो हो” म्हणतात. मग मी सांगते, आज रात्री जाग आली की दिवा लावा, एकेक बोट चिमटून बघा आणि उद्या या. दुसऱ्या दिवशी येताना निम्मं निदान तेच घेऊन येतात.

ताज्या कलमाबद्दल शेवटी लिहिते, पण ते वाचल्याशिवाय पान मिटू नका. मला सासूबाईंपेक्षा त्याची घाई आहे.

‘नस दबली’ हे आपल्याकडे कशालाही म्हणतात. मान अवघडली, नस दबली. पोटरीत गोळा आला, नस आखडली. पाय मुरगळला, नस चढली. आम्ही डॉक्टरही तसंच बोलतो, कारण पेशंटला ते लगेच पटतं आणि पुढचा प्रश्न येत नाही. तुमच्या मिस्टरांना विचारा. टॉवेलवर उभी रेघ सुटलेली दिसली तर ते काय करतात? अख्खा माग उलगडत नाहीत. रेघ कुठे आहे ते बघून ताण्यातला तेवढाच तुटलेला धागा शोधतात आणि गाठ मारतात. नसांचंही असंच बघायचं असतं. कुठली बोटं, कुठल्या वेळी, आणि किती दिवसांत इतकं वाढलं, ही तीन उत्तरं मिळाली तर यंत्राकडे जायची घाई राहत नाही.

सासूबाईंच्या हाताचं बघू. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्या भागाची संवेदना एकच नस वाहते. तिचं नाव मीडियन नर्व्ह. ती मनगटातल्या एका बोळातून तळहातात शिरते. बोळाच्या खाली हाडांची पन्हाळ आणि वर एक जाड, न ताणणारा पट्टा. त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्या गर्दीत ही एकटी नस. कंडरांना सूज आली की चेंगरते ती नसच. करंगळीची नस वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूने येते (कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच) आणि ह्या बोळात शिरतच नाही. म्हणून करंगळी सुटली.

रात्रीच का? झोपेत आपण मनगट दुमडून घेतो आणि बोळ आणखी अरुंद होतो. उठून हात झटकला की दाब उतरतो. ह्या झटकण्याला आमच्याकडे इतकी किंमत आहे की ते नुसतं ऐकलं तरी कान टवकारतात. ह्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दिवसभर कात्रीने पान कापणारा, चिमटीत वळणारा हात, वर मधुमेह आणि पन्नाशीनंतरचं वय, सगळंच त्याला पोसणारं आहे. थायरॉइड कमी असेल तर तेही. म्हणून रक्त तपासताना टीएसएच जरूर करून घ्या. तपासल्याशिवाय छातीठोक बोलू नये, पण ह्या वर्णनात मला तरी मान दिसत नाही. आणि मान मोडून देणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नका. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, झटक्याने त्या आतून फाटू शकतात. मुंग्या राहतील बाजूला आणि मिस्टरांना ज्याची भीती आहे तो लकवा खरोखर घरात येईल.

घरी एक करून बघा. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बोटं खाली, मनगटं काटकोनात दुमडून एक मिनिट धरायला सांगा. त्याच बोटांना मुंग्या आल्या तर शंका पक्की. नाही आल्या म्हणून शंका पुसली जात नाही. मग अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो तुमच्या हाताशी ताडून बघा. त्यांचा सपाट झालाय का? चिमटीत धरलेली विडी सुटते का? शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो का? उंचवटा बसला असेल तर पट्ट्या-गोळ्यांत आणखी वर्ष घालवू नका, सरळ ऑपरेशनबद्दल विचारा. मनगटावर छोटा छेद घेऊन तो जाड पट्टा कापतात. हात तेवढाच बधिर करतात आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी जातो. मात्र वाळलेला स्नायू भरून येईलच असं नाही, म्हणून तो वाळायच्या आत जायचं.

उंचवटा शाबूत असेल तर पहिला उपाय स्वस्तातला आहे: रात्री मनगट सरळ ठेवणं. मेडिकलवाल्याकडे ‘मनगटाचा पट्टा’ मागितलात तर तो बांगडीसारखा लवचीक पट्टा काढून देईल. तो नको. आत धातूची पट्टी असलेला रिस्ट स्प्लिंट मागा. त्यातही एक गोम आहे. पुष्कळ स्प्लिंटमधली पट्टी वर वाकवलेली असते, हात मागे उचलून धरेल अशी. ती बाहेर काढून सपाट करा आणि परत घाला. मनगट ना वर, ना खाली. आणि ह्याच आठवड्यात पैसे नसतील तर लाकडी फूटपट्टी मनगटाखाली धरा, वर सोलापुरी नॅपकिनचे दोन वेढे द्या आणि सैलसर बांधा. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. सहा आठवडे रोज रात्री. चार दिवसांत फरक नाही म्हणून फेकून देऊ नका. तरीही त्रास राहिला तर मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात, पुष्कळांना काही महिने बरं वाटतं. मात्र त्यानंतर काही दिवस शुगर चढते, हे आधीच माहीत असू द्या.

विड्या बंद करा असं मी म्हणणार नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घरात असं सांगून डॉक्टर निघून जातो आणि बाई दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेऊन बसतेच. त्यापेक्षा कामाची वाटणी करा. अंगठ्यावर सगळ्यात जास्त जोर पडतो तो पान कापताना. पान नीट भिजलेलं असू द्या, कात्रीला धार असू द्या, आणि जमलं तर कापायचं काम तुम्ही घ्या, वळायचं त्यांना द्या. पंचवीस विड्यांचा एक कट्टा झाला की हात खाली सोडून मिनिटभर बोटं उघडमीट करायची. हिशेबात फार जात नाही.

आता पाय. मला त्यांची काळजी हातांपेक्षा जास्त आहे.

हातांचं दुखणं मनगटात आहे, पायांचं तसं एका जागी नाही. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती सगळ्याच नसांना कुरतडते, आणि सगळ्यात लांब नसा आधी हरतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसेइतकी लांब दुसरी नाही. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तसा बधिरपणा वर सरकतो. आग होणं आणि न कळणं एकाच पायात कसं, हे तुम्हाला कोडं वाटलं असेल. ज्या नसा अर्धमेल्या आहेत त्या चुकीचे निरोप पाठवतात, तीच आग, सासूबाईंच्या तेलुगूत ‘मंटा’. ज्या पुऱ्या गेल्या त्या निरोपच पाठवत नाहीत.

चप्पल सुटून न कळणं ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे आणि ती ऐकली की मी पेन खाली ठेवते. अजून एक विचारा: तोंड धुताना डोळे मिटले की त्यांचा तोल जातो का? पाय जमिनीवर कसा टेकलाय हे नसांनी कळवणं थांबवलं की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले, की गेला.

एक साधी तपासणी आज रात्रीच करा. सासूबाईंना पाय लांब करून, डोळे मिटून बसू द्या. तुमच्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, एवढ्यांच्या टोकांना फक्त स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, गुदगुल्या नाहीत. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर त्या पायाला स्वतःची राखण करता येत नाही, ती दुसऱ्या कोणीतरी करायची. दवाखान्यात हेच नायलॉनच्या एका दोऱ्याने आणि ट्यूनिंग फोर्कने बघतात.

गरम पाण्याचा शेक आजपासून बंद. तुम्ही मायेने दिला, पण तो फोड बघूनच समजा. पाय धुवायचं पाणीही तुमच्या कोपराने बघा, सासूबाईंच्या हाताने नव्हे. त्यांचे हातही बधिर आहेत. रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचा उजेडात बघायच्या. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची, आत खडा असेल. कुरूप झालं तर ब्लेड नाही, औषधाची चिकटपट्टीही नाही. आणि तो अंगठ्याखालचा फोड आधी डॉक्टरांना दाखवा, बाकी सगळं नंतर. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला किंवा पाणी सुटलं तर त्याच दिवशी.

मग रथोत्सव. नारळी पौर्णिमेला तुमच्या भागात कशी गर्दी असते ते मी पाहिलंय, आणि त्या दिवशी सासूबाईंना घरी बसवणं तुम्हाला जमणार नाही हेही कळतं. जाऊ द्या. पण पायात बंद, मऊ बूट आणि मोजे. जोडे चालणारच नाहीत अशा जागी निदान जाड सुती मोजे, आणि उन्हाने फरशी तापायच्या आत परत. मी हे लोकांना उगाच छळत नाही. माझ्याच वडिलांनी एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, सिद्धेश्वराच्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घातली. शुगर होती, मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. दगड पोळतोय हे त्यांना कळलंच नाही. नंतर घातलेले मोजे संध्याकाळी काढताना कातडं मोज्याबरोबर आलं. बरं व्हायला साडेतीन महिने लागले, आणि मी डॉक्टर.

गोळ्या-इंजेक्शनांकडे येते. ती लाल इंजेक्शनं बहुधा बी१२ ह्या जीवनसत्त्वाची. बी१२ कमी असेल तर बी१२ द्यायलाच हवं. बी१२ कमी पडूनही पाय असेच बधिर होतात. शुगरच्या गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिन लिहिलंय का बघा. ती गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ उतरतं. गोळी चांगली आहे, स्वतःहून बंद करू नका. चूक एवढीच की रक्त न तपासता इंजेक्शनं सुरू केली. आता पातळी तपासली तरी ती फुगलेलीच दिसेल, आधी काय होतं ते कळायला मार्ग नाही. त्या आठ महिन्यांच्या ‘नसांच्या गोळ्यां’चं पाकीट मात्र डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यातल्या काहींत बी६ भरपूर असतं, आणि बी६ जास्त प्रमाणात फार दिवस घेतलं तर त्यानेच नसा बधिर होतात. ज्यासाठी घेतली, तेच तिने दिलं, असं झालेले पेशंट मी पाहिलेत.

तळपायांच्या आगीवर खरोखर चालणारी औषधं वेगळी आहेत: प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन. कुठलं, किती, हे किडनी आणि बाकीचं बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. इथे एक भानगड नेहमी होते. मेडिकलवाला सांगतो, “ही तर डिप्रेशनची गोळी आहे,” आणि घरचे बंद करतात. ह्यातली शेवटची दोन औषधं नैराश्यासाठीच निघाली होती, हे खरं. पण नसेच्या वेदनेवर ती स्वतंत्रपणे काम करतात. दोन-तीन आठवडे लागतात, सुरुवातीला झोप येते, चक्कर आल्यासारखं होतं. आग कमी होते, नस दुरुस्त होत नाही. नसेची झीज रोखायला साखरच आवरावी लागते, म्हणून एचबीए१सी करून गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब बघा.

एमआरआय आत्ता करू नका. हात मनगटातले, पाय साखरेचे, दोन्हींचं उत्तर मणक्याच्या फोटोत नाही. आणि पन्नाशीनंतर कोणाचाही मणका फोटोत घातला की ‘गॅप’ निघतोच, काही न दुखणाऱ्याचासुद्धा. मग त्या गॅपवर इलाज सुरू होतो. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिर झालं, चालताना पाय लाकडासारखे ताठ पडायला लागले किंवा एकाच पायात कमरेपासून कळ उतरायला लागली, तर एमआरआय लागेल. पहिल्या तीनपैकी एक जरी झालं तर लगेच लागेल.

त्याऐवजी एनसीव्ही करून घ्या. मनगटावर आणि कोपराजवळ बारीक शॉक देऊन नसेतून विजेचा वेग मोजतात. बायका पहिल्या झटक्याला दचकतात, तिसऱ्याला हसतात. नस कुठे अडली आणि किती खराब झाली, ते त्यात कळतं. जाताना हात धुवून, तेल न लावता न्या. सरकारी दवाखान्यात होत असेल तर आधी तिथे चौकशी करा. पुढे ऑपरेशनपर्यंत गेलं तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तपासणाऱ्या डॉक्टरांना आणखी एक सांगा, आणि त्यात लाजू नका: अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, न कळणारा चट्टा आहे का, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागते का, ते बघायला सांगा. आपल्याकडे हातपाय बधिर झाले की कुष्ठरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. असला तर औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, सहा ते बारा महिने घेतात, आणि वेळेत घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत. लपवलं तर होतात.

मिस्टरांची समजूत घालायला हे वाचून दाखवा. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात पसरलं, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले. जुलाब किंवा सर्दी-तापानंतर आठवडा-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पण त्याचा वेग बघा: आज पाय जड, उद्या जिना चढवत नाही, परवा हात उचलत नाही. दिवसांत वाढतं, चार आठवड्यांच्या आत टोक गाठतं. सासूबाईंच्या मुंग्या दोन वर्षांच्या आहेत. त्या ह्या रांगेतच नाहीत. उद्या घरात कोणाला असं झपाट्याने होऊ लागलं तर मात्र रात्र काढू नका, व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. वाटेत त्याला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. वीसपर्यंतही पोचत नसेल तर श्वासाचे स्नायू चाललेत. इलाज आहे, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर बरा. स्टेरॉइडने ह्यात फायदा होत नाही. बहुतेक लोक पुन्हा चालतात.

लकव्याची गोष्ट आणखी वेगळी, तो मेंदूतला. क्षणात होतो, एका बाजूचा हात-पाय-तोंड, बोली अडखळते. घड्याळ बघून पळायचं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांतच देता येतं. मुंग्यांचा आणि त्याचा थेट संबंध नाही, पण शुगर आणि बीपी दोन्हींची वाट तिकडेही जाते.

वेळेचं महत्त्व मला एका रिक्षावाल्याने शिकवलं. तो स्टेशनवर रिक्षा लावायचा. तक्रार एकच: संध्याकाळी रस्ता दोन-दोन दिसतो, जेवताना जबडा दमतो. सकाळी माझ्याकडे यायचा तेव्हा डोळे टक्क उघडे, ताकद ठणठणीत. दोनदा मी चष्म्याच्या डॉक्टरांकडे पाठवला, तिसऱ्यांदा टॉनिक लिहून दिलं. चौथ्यांदा त्याची बायको एकटी आली आणि मोबाइलवरचा फोटो पुढे धरला, रात्री आठचा. दोन्ही पापण्या निम्म्या मिटलेल्या. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप मधेच अडतो; सकाळी चालून जातं, वापरून वापरून संध्याकाळी संपतं. रोज ठराविक वेळी घ्यायच्या गोळ्यांवर तो आजही रिक्षा चालवतो. मी मात्र तेव्हापासून प्रत्येकाला विचारते, त्रास किती वाजता?

आता तुमची शेवटची ओळ.

ताई, तुमच्या नणंदेचा मुलगा जसा उठतो त्या उठण्याला आमच्या पुस्तकात नाव आहे, गॉवर्सची खूण. मांड्या-नितंबांचे स्नायू अशक्त असले की मूल स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत चढत उभं राहतं. आणि पैलवानासारख्या पोटऱ्या नेहमी ताकदीच्या नसतात. स्नायूची जागा चरबी आणि तंतूंनी घेतली तरी पोटरी फुगते. ह्या वयाच्या मुलात दोन्ही एकत्र दिसलं की ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची, म्हणजे स्नायू झिजत नेणाऱ्या एका जनुकीय आजाराची, शंका घ्यावीच लागते. शंका, निदान नव्हे. मुडदूस असला तरी मूल असं उठू शकतं, आणि तो सहज बरा होतो. पण कौतुक करत थांबायचं हे वय नाही.

पहिली तपासणी रक्ताची, सीके नावाची. ती ह्या आजारात हजारांत जाते. मुलाचे आधी रक्ताचे रिपोर्ट झाले असतील आणि एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं बघून कोणी लिव्हरचं औषध दिलं असेल, तर ते रिपोर्ट काढा. हे दोन्ही स्नायूंतूनही येतात, आणि लिव्हरच्या नावाखाली अशा मुलांचं वर्ष-वर्ष गेलेलं मी पाहिलंय. सीके वाढलेलं निघालं तर जनुकीय तपासणी, मग मुलांच्या मेंदू-नसांचे डॉक्टर. आजार मुळापासून जात नाही. पण वेळेत स्टेरॉइड, हलका व्यायाम, पोटऱ्या हळूच ताणून लवचीक ठेवणं, पुढे हृदयाची आणि श्वासाची देखरेख, ह्याने चालणं आणि आयुष्य दोन्ही लांबतं. ताकद यावी म्हणून जिने चढायला लावू नका. कधी भूल द्यायची वेळ आली तर शंकेचं आधी सांगा.

नणंदेशी एकांतात बोला. हा दोष आईकडून येऊ शकतो, आणि तेवढं वाक्य घरात फुटलं की पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून बरोबर हेही सांगा की सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्याने घडतो, आईत नसतोच. तिला दुसरं मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील, तर जनुकीय सल्ला त्याआधी घ्यावा. निदान ठरलं तर अपंगत्वाचा दाखला मिळतो, मस्क्युलर डिस्ट्रॉफी दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर एक व्हिडिओ काढून ठेवा. अनोळखी खोलीत मुलं आईला चिकटून बसतात, उठतच नाहीत. त्याला सतरंजीवर बसवा, समोर खुर्चीवर काहीतरी आवडतं ठेवा, आणि बाजूने, पूर्ण शरीर दिसेल असा काढा, तीनदा. त्या वेळी कोणी ‘म्हातारा’ म्हणून हाक मारू नका.